जपानचा अभ्यासदौरा : शहरे किती आणि रात्री किती?

दिवाळीनंतर शाळांचे आणि जपानी भाषावर्गांचे अभ्यासदौरे ठरू लागतात, तशी या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून दोन वर्षे जपानी शिकते आहे. तिच्या वर्गाने मे महिन्यासाठी नऊ दिवसांचा दौरा जाहीर केला आहे. त्यात तोक्यो, हाकोने, क्योतो, नारा, ओसाका व हिरोशिमा ही ठिकाणे आणि एका रात्रीचा होमस्टे आहे. दुसऱ्या एका संस्थेचा दौरा फक्त ओकायामाचा आहे. त्यात पाच रात्री कुटुंबात राहणे आणि तीन दिवस शाळेत जाणे आहे. खर्च साधारण सारखाच येतो. मुलीचा ओढा पहिल्याकडे आहे, कारण त्यात डिस्नेलँड आहे. आम्ही काय करावे? — एक पालक, कोथरूड

उत्तर : निःसंकोच दुसरा दौरा निवडा. नऊ दिवसांत सहा ठिकाणे म्हणजे रोज सकाळी बॅग भरणे, स्टेशन गाठणे आणि संध्याकाळी नव्या हॉटेलात बॅग उघडणे. या धावपळीत मुले दिवसभर आपसांत मराठीतच बोलतात आणि त्यांचे जपानी दुकानातल्या ‘इकुरा देसु का’च्या, म्हणजे ‘केवढ्याला’च्या, पुढे जात नाही. एका रात्रीच्या होमस्टेमध्ये तर मुलगी पाहुणी म्हणून येते आणि पाहुणी म्हणूनच निघून जाते. यजमानही तेवढा वेळ अवघडलेलेच असतात. माझ्या अनुभवात खरी गंमत तिसऱ्या दिवसापासून सुरू होते. माझी एक विद्यार्थिनी परत आल्यावर मंदिरांबद्दल फारसे बोलली नाही, पण तिसऱ्या सकाळी यजमान काकूंनी तिच्यावर बाटल्यांचे काम सोपवले, हे तिने चार वेळा सांगितले. प्लॅस्टिकच्या बाटलीचे झाकण काढायचे, वरचे वेष्टन सोलायचे, बाटली विसळून चेपायची आणि तिन्ही गोष्टी आपापल्या पिशवीत टाकायच्या, एवढेच ते काम. मात्र त्या पाच मिनिटांत तिने ऐकलेली क्रियापदे ती आजतागायत विसरलेली नाही.

ओकायामा हे नाव पुणेकरांना अगदीच परके नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिथल्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. निघण्यापूर्वी एका रविवारी मुलीला तिथे घेऊन जा आणि फोटो काढून ठेवा. यजमानांशी पहिल्या संध्याकाळी बोलायला विषय लागतो, तो आयताच मिळेल. हिरोशिमाही ओकायामाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभराच्या आत आहे, तेव्हा ते सुटेल ही भीती नको.

तारखा मात्र नीट पाहा. २९ एप्रिल ते ५ मे या काळात तिथे ‘गोल्डन वीक’च्या सुट्ट्या येतात. तेव्हा शाळा बऱ्याचशा बंद असतात आणि गाड्यांना तोबा गर्दी असते. मेच्या उत्तरार्धात अनेक शाळांत चाचण्या असतात, आणि जूनमध्ये त्यांचाही पावसाळा सुरू होतो. म्हणून मेचा दुसरा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याहूनही बरी दिवाळीची सुट्टी, कारण तेव्हा हवा छान असते आणि काही शाळांचे सांस्कृतिक महोत्सवही याच सुमारास भरतात. ‘शाळाभेट’ याचा अर्थ संयोजकांकडून स्पष्ट करून घ्या. सभागृहातले स्वागतगीत आणि सामूहिक छायाचित्र ही शाळाभेट नव्हे. दारात बूट काढून आतले बूट घालणे, तासाला बसणे आणि शेवटी मुलांबरोबर फडके घेऊन वर्ग पुसणे, हे घडणार असेल तर तीन दिवस सार्थकी लागतील. यजमान कुटुंबाची निवड कोण करते, एका घरी किती मुले असतील, विमा कशाकशाचा आहे आणि रात्री अडचण आली तर जपानी बोलणारे कोण फोन उचलेल, हे चार प्रश्न लेखी विचारा. उत्तरे टाळणाऱ्या संयोजकाकडे पैसे भरू नयेत. डिस्नेलँडबद्दल मुलीशी भांडू नका. ते कुठे पळून जात नाही.

प्रश्न : आमच्याकडे मांस, मासे, अंडी काहीच चालत नाही. मुलाच्या अर्जात ‘शाकाहारी’ असे लिहिले आहे. तेवढे पुरेल का? — एक आई, सांगली

उत्तर : पुरणार नाही. जपानी यजमानाला ‘शाकाहारी’ या शब्दाने ताटात मांसाचा तुकडा नको एवढेच कळण्याची शक्यता अधिक आहे. अडचण तुकड्याची नसून ‘दाशी’ची आहे. आपल्याकडे फोडणी, तशी तिथे दाशी. हे पाणी बहुधा ‘कात्सुओबुशी’पासून, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाच्या पातळ कीसापासून, तयार करतात. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असते आणि घरच्यांना त्यात ‘मासा’ आहे असे वाटतही नाही. कोम्बू या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके अळंब्यांची दाशी पूर्ण शाकाहारी असते आणि ती करणे अवघड नाही, फक्त आधी सांगावे लागते. म्हणून अर्जात काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन लिहा आणि त्यापुढे काय चालते तेही लिहा : भात, तोफू, दूध, फळे, कोम्बूची दाशी. मुलाला ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन’ (मांस आणि मासे दोन्ही खाऊ शकत नाही) हे वाक्य घडाघडा म्हणता आले पाहिजे.

जागा हुकेल या भीतीने ‘सर्व काही चालते’ असे लिहून देणारे पालक मी पाहिले आहेत. अशाच एका मुलाने चार दिवस कोरडा भात आणि केळी खाऊन काढले. त्याचे हाल झालेच, पण यजमान काकू मात्र आपल्या हातालाच चव नाही असे समजून रोज नवा पदार्थ करीत राहिल्या. आणखी एक गोष्ट घरात आधी बोलून ठेवा : सर्वांनी काळजी घेऊनही एखादा घोट चुकून पोटात गेला, तर घरी कोणी रागावणार नाही, हे मुलाला तुमच्या तोंडून कळले पाहिजे.

प्रश्न : मी जपानी भाषेची एन-५ ही सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले, पण बोलताना माझी बोबडी वळते. होमस्टेला गेले तर फजिती होईल का? — अकरावीतील विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : होईल, थोडीशी, आणि ती व्हावी म्हणूनच जायचे असते. ज्या परीक्षेत तुला चांगले गुण मिळाले तिच्यात बोलण्याचा भागच नाही. तेव्हा परीक्षेने तुझी बोबडी मोजलेली नाही, तशी ती बरीही केलेली नाही. मराठी मुलीला एक फायदा मात्र आयता मिळतो. ‘तोक्यो नि इकिमासु’ आणि ‘तोक्योला जाते’ या दोन वाक्यांत शब्द जागचे हलवावे लागत नाहीत. प्रत्यय नामामागून येतो आणि क्रियापद शेवटी. घराबाहेर पडताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि जपानी मूल ‘इत्ते किमासु’ म्हणते, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येते’. आतून ‘इत्तेराश्शाय’ असे उत्तर येते. ही देवाणघेवाण पहिल्याच सकाळी केलीस की निम्मे अवघडलेपण जाते. समोरचा बोलत असताना अधूनमधून ‘हाय, हाय’ म्हणत जा. तो होकार नसून आपला हुंकार आहे. घरातली माणसे आपसांत पुस्तकातली ‘देसु-मासु’ची आदबशीर रूपे वापरत नाहीत, शिवाय गावोगावची बोली वेगळी असते, त्यामुळे पहिल्या रात्री काहीच कळले नाही तर घाबरू नकोस.

बरोबर घरचे दहा-बारा छापील फोटो घेऊन जा. स्वयंपाकघर, आजी, गणपतीची आरास, शाळेचा वर्ग असे काहीही चालेल. फोन हातोहात फिरत नाही, फोटो फिरतो. खरी फजिती भाषेपेक्षा न्हाणीघरात होते. अंग टबाबाहेर बसून साबणाने स्वच्छ धुवायचे, टबात केवळ शेकत बसायचे, आणि बाहेर आल्यावर टबाचे बूच काढायचे नाही, कारण त्याच पाण्यात मागून घरातले बाकीचे बसणार असतात.

औषधांचेही आताच सांगून टाकते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत सुडोएफेड्रीनचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असते, त्या जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. तेव्हा घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी बॅगेत टाकू नकोस.

प्रश्न : मुलगा होमस्टेला जाऊन आला. आता त्या घरचा मुलगा आमच्याकडे चार रात्री राहणार आहे. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. आम्हाला संकोच वाटतो. — एक गृहिणी, चिंचवड

उत्तर : संकोच सोडा. शहरांतली जपानी घरेही फार मोठी नसतात, आणि रात्री जमिनीवर गादी घालून सकाळी ती कपाटात ठेवणे ही तर त्यांच्याकडचीच रीत. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा बाटलीचे द्या, ठेचा-चटणी वेगळी वाढा, टॉयलेट पेपर आणून ठेवा, आणि बादली-तांब्याने अंघोळ कशी करायची ते तुमच्या मुलाकडून एकदा दाखवून घ्या. त्याला मॉलमध्ये नेण्यापेक्षा मंडईत न्या.

अडचण येईल ती आपल्या आग्रहाची. पानात काही टाकू नये हे त्याच्यावर लहानपणापासून बिंबलेले असते आणि यजमानाला तोंडावर ‘नको’ म्हणणे त्याला जड जाते. त्यामुळे तुम्ही पोळी वाढाल, तो ती संपवेल, पान रिकामे दिसले म्हणून तुम्ही आणखी एक वाढाल, आणि चौथ्या पोळीला त्याचे डोळे पांढरे होतील. पहिल्या जेवणाआधीच त्याला ‘पुरे’ हा शब्द शिकवा आणि तो उच्चारला की वाढणाऱ्याने हात आखडायचा, हे घरातल्या आजींनाही सांगून ठेवा.