त्या घरचा चहा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्व्हेला ऑक्सिमीटर आणि टेंपरेचरची गन घेऊन घरोघर फिरले. आमच्याच आळीतल्या एका घरानं मला ओट्यावर चढू दिलं नाही. ‘तूच रोग घेऊन फिरतीस’ म्हणाले. त्यांची पोरं माझ्या लेकीशी खेळायची बंद झाली. आता त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे आणि तपासणीला मीच नेते. सासूबाई चहाचा आग्रह करतात, तो घशाखाली उतरत नाही. रात्री तेच आठवून झोप मोडते. घरचे म्हणतात, किती वर्षं धरून बसणार?

उत्तर : ताई, चहा नका घेऊ. सुनेची तपासणी, लोहाच्या गोळ्या, बाळंतपणासाठी गाडीची सोय हे तुमचं काम, आणि ते तुम्ही करताच आहात. त्या घराला माफ करणं त्या कामात येत नाही.

मी निवृत्त सिस्टर आहे, कोविड वॉर्डात ड्युटी केली आहे. आमच्यावर ओरडणारा पेशंट डिस्चार्ज घेऊन निघून जायचा. तुम्हाला मात्र बोलणारी माणसं रोज पाण्याच्या नळावर भेटतात. तुमचं दुखणं इतकं लांबलं, त्याचं मला तरी हेच कारण दिसतं.

‘एवढं काय झालं होतं’ असं कुणी म्हणालं, तर एक सांगा. २२ एप्रिल २०२० ला केंद्रानं वटहुकूम काढून १८९७ चा साथरोग कायदा बदलला. आरोग्य कर्मचाऱ्याचं जगणं अवघड करून त्याला काम करू न देणारा छळसुद्धा त्यात हिंसाचारात धरला. शेजाऱ्यावर तक्रार करायला कुणी धजावत नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही उगाच मनाला लावून घेतलेलं नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, तो तुमचाही होता. त्या ओट्यावरचा अपमान मात्र त्यानं भरून निघत नाही.

सासूबाईंशी बोलावंसं वाटलं तर सून बाळंत होऊन घरी आल्यावर बोला. आत्ता नको. आत्ता त्या अडलेल्या आहेत, गरजेपोटी हो म्हणतील आणि त्या ‘हो’नं तुमचं समाधान होणार नाही.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. फरक पडला नाही तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणि लेकीचं तुम्ही एका ओळीत आटोपलंत. तिला त्या दिवसांतलं काय आठवतं, ते विचारा. तुमच्या कामामुळे आपल्याला मैत्रिणी तुटल्या असं तिच्या मनात असेल, तर ते तिच्या तोंडून ऐकून घ्या, आणि तुम्हाला काय सोसावं लागलं तेही तिला सांगा.