उतारवयाचे प्रश्न : उठण्याआधीचं एक मिनिट

प्रश्न : वय 76. बीपीची गोळी सकाळी, प्रोस्टेटची रात्री. पहाटे लघवीला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा दाराचा आधार मिळाला म्हणून वाचलो. दवाखान्यात बीपी मात्र नेहमी व्यवस्थित भरतं. (एक वाचक, सातारा)

उत्तर : दवाखान्यात बीपी बसवून मोजतात, आणि तुमची अडचण आहे उभं राहताना. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. तरुणपणी शिरा क्षणात आवळतात आणि ते वर ढकललं जातं. वय झालं की हे काम सावकाश होतं. त्यात प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या शिरा सैल करतात. मधुमेह जुना असेल तर नसांकडून इशाराच उशिरा पोचतो.

घरीच तपासा, पण जवळ कुणीतरी असू द्या. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर अंधारीचं कारण बहुधा सापडलं. तीन दिवस सकाळी गोळीआधी असं मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी परस्पर बंद करू नका. कित्येकदा वेळ किंवा मात्रा बदलूनही भागतं.

रात्री उठायला लागू नये म्हणून दुपारपासूनच पाणी तोडणारे पुष्कळ असतात. त्यानं अंधारी वाढते. दिवसाचं बहुतेक पाणी संध्याकाळी सहापर्यंत पिऊन घ्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर तेच पाळा.

आता उठण्याचं. जाग आली की आधी कुशीवर वळा, हातानं रेटून बसा, पाय खाली सोडा. घोटे पंधरा-वीस वेळा वर-खाली करा, मुठी आवळा-सोडा. एक मिनिट जाऊ द्या. मग पलंग धरून उभे राहा आणि वीस आकडे मोजून पहिलं पाऊल टाका. अंधारी आलीच तर तिथंच परत बसा. 'एवढं जाऊन येतो' म्हणून निघालेला माणूसच पडतो. लघवी बसून करा. पलंगाखालचं पायपुसणं उचलून टाका, ते हमखास सरकतं.

बाथरूमची कडी आतून लावू नका. दार आत उघडणारं असेल आणि माणूस त्यालाच टेकून पडला, तर बाहेरून ढकलणाऱ्यालाही ते उघडत नाही. टॉवेलचा दांडा हा आधार नव्हे, माणसाच्या वजनानं तो स्क्रूसकट निघून येतो. भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी लावून घ्या.

तरीही पडलात आणि एक पाय आखूड, पंजा बाहेर वळलेला दिसला, तर घरच्यांनी काखेत हात घालून उभं करू नये. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. 108 ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार लागला असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : सासूबाईंना (82) पाणी पिताना सारखा ठसका लागतो. भाकरी मात्र उतरते. असं कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घसा बंद व्हायच्या आत पाणी पुढे निघून जातं. भाकरीचा घास सावकाश सरकतो, म्हणून तो सांभाळता येतो. तांब्या वर धरून, मान मागे टाकून पिण्याची सवय आधी मोडा. हनुवटी किंचित खाली, लहान घोट, तो गिळून झाल्यावरच पुढचा. जेवताना टीव्ही बंद ठेवा आणि घास तोंडात असताना त्यांना काही विचारू नका. सगळ्यात अवघड जातं ते पातळ-घट्ट एकत्र, म्हणजे दुधात चुरलेली भाकरी किंवा ताकातले पोहे. दूध पुढे पळतं, तुकडे मागे राहतात. त्यापेक्षा दाट पेज, मऊ खिचडी बरी. जेवल्यावर अर्धा तास बसून राहू द्या. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा वारंवार ताप येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना लवकर दाखवा आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टचं नाव विचारा.

प्रश्न : 'व्हेंटिलेटरवर ठेवू नका' असं मुलांना सांगून ठेवलंय. पुरे का? दोघंही परदेशी असतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. ऐन वेळी एक मुलगा 'हो' म्हणतो, दुसरा 'नाही', आणि डॉक्टर उपचार चालू ठेवतात. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष एवढं पुरतं, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही.

'मला यातना नकोत' असं मोघम लिहू नका. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीवाटे अन्न, छाती दाबून हृदय सुरू करणं, यांतलं काय नको आणि कोणत्या अवस्थेत नको, ते लिहा. तुमच्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं एकापेक्षा जास्त द्या. त्यांतलं एक तरी डोंबिवलीत तासाभरात पोचणारं असावं, मग भाचा असो की शेजारी. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिकेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तर रविवारी रात्री त्याचा उपयोग शून्य.

हा कागद लागू होतो तो तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकत नाही आणि बरं होण्याची आशा उरलेली नाही तेव्हाच, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पाहिल्यावर. साध्या न्यूमोनियाचे उपचार त्यानं थांबत नाहीत, वेदनाशामक तर नाहीच नाही. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. फक्त वाटलेल्या जुन्या प्रती आठवणीनं परत मागून घ्या.