वॉटर मेझ: निष्कर्षाची घाई नको

वॉटर मेझ म्हणजे पाण्याची टाकी; तिच्यात पोहत उंदराने पाण्याखाली लपवलेला मंच शोधायचा. हिप्पोकॅम्पसला (मेंदूतल्या जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाला) इजा केलेल्या उंदराला तो मंच सापडला नाही, म्हणून लगेच ‘स्मृती गेली’ असं लिहून मोकळे होऊ नका. आधी मंच पाण्याच्या वर दिसेल असा ठेवा, त्यावर झेंडी लावा. तरीही चुकला तर दोष नजरेत किंवा पोहण्यातही असू शकतो.

सोडण्याची जागा दर फेरीला बदला. एकाच जागेवरून सोडलंत तर तो ठरलेलं वळण पाठ करतो, आणि ते काम मुख्यतः डॉर्सल स्ट्रायटमचं, म्हणजे मेंदूतल्या सवयी सांभाळणाऱ्या भागाचं. पॅकार्ड-मॅकगॉ या संशोधकांच्या १९९६ च्या प्रयोगात (मेझ वेगळा, अधिक चिन्हाच्या आकाराचा) आठव्या दिवशी बहुतेक उंदीर जागा धरून जात, सोळाव्या दिवशी वळण धरून. म्हणजे सराव जास्त झाला की तुम्ही मेंदूचा भलताच भाग मोजत बसता!

भिंतीवरच्या खुणा हलवू नका. तुमची उभं राहण्याची जागाही तीच ठेवा; उंदराच्या लेखी तुम्हीही खूणच. शेवटच्या चाचणीत मंच काढून ६० सेकंद पोहू द्या. टाकीच्या ज्या चतुर्थांशात मंच होता, तिथे २५ टक्क्यांच्या आसपासच वेळ गेला, तर तो नुसता योगायोग.