पाकिटातले दोन हजार

"ताई, मी या कामाच्या लायकीची नाही."

या क्षेत्रातल्या नव्या मुली अडलं की माझ्याकडे येतात, आणि वर्षातून सात-आठ वेळा तरी हे वाक्य माझ्या समोरच्या खुर्चीतून ऐकू येतं. बोलणारी बहुतेक वेळा तेवीस-चोवीसची, नुकतीच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेली. महिला आणि मुलांसाठीच्या एखाद्या मदत केंद्रात पहिलीच नोकरी, तीही कंत्राटी. काम काय, तर कोर्टाने मुलांसाठी पोटगी मंजूर केली, बाप देत नाही, आणि ती हातात पडेपर्यंत त्या आईची फाइल हलती ठेवायची. वकील वेगळा असतो, पोलीस वेगळे, न्यायाधीश वेगळे. ही पोर या सगळ्यांच्या मधे पळत असते. आणि पैसे आले नाहीत की आई विचारते ती हिलाच.

ज्या मुलीबद्दल लिहितेय तिला तिच्या केंद्रात सगळे 'नवीन मॅडम' म्हणायचे. मीही तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि हे तिने वाचलंय.

एका शनिवारी ती एसटीने पुण्यात आली. स्वारगेटहून थेट माझ्याकडे, मांडीवर रेक्झिनची फुगलेली पिशवी. झोप लागत नाही, जेवण जात नाही, रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. घरी आईचं वेगळंच सुरू: "कोर्टकचेऱ्या करणारी मुलगी म्हटल्यावर स्थळं यायची नाहीत." ते मी बाजूला ठेवलं. आईची काळजी जुनी होती, झोप मात्र दोन महिन्यांपूर्वी उडालेली. मधे काय झालं?

बराच वेळ तिने कामाचा ताण, पगार तीन-तीन महिने उशिरा होणं, साहेबांची चिडचिड असं सगळं सांगितलं. (दुसऱ्यांची थकबाकी वसूल करणाऱ्या मुलींचा स्वतःचाच पगार थकलेला असतो, हा विनोद आमच्या क्षेत्रात कुणालाच हसवत नाही.) मी तिला तिची डायरी काढायला लावली. त्रेचाळीस केसेस होत्या. म्हटलं, प्रत्येकीपुढे एकच ओळ लिही. काय घडलं ते नको, आता तू काय करणार आणि कोणत्या तारखेला, एवढंच.

अर्ध्या तासात बत्तीस केसेसपुढे ओळी आल्या. अकरा कोऱ्या राहिल्या. त्या अकरांतल्या एकीवर तिचं पेन अडलं आणि डोळे भरले.

केस अशी. सात वर्षांची मुलगी, तिच्यासाठी दरमहा चार हजारांचा आदेश. बाप टेम्पो चालवतो. मे महिन्यापासून पैसे बंद. बाई केंद्रात आली पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे नऊ महिने थकल्यावर. नवीन मॅडमने लगेच वसुलीचा अर्ज करायला हवा होता. पण तिने आधी बापाला फोन लावला. तो फोनवर रडला. आई आजारी आहे, गाडीचा हप्ता थकलाय, बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे, ते होऊ द्या, मग एकरकमी देतो. हिला ते खरं वाटलं. लग्न झालं. मग गाडी बिघडली. मग पावसाळा. अर्ज दाखल झाला जुलैच्या शेवटी.

इथे कायदा थोडा सांगावा लागेल, कारण या कामात पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त चटका याच ठिकाणी बसतो. पोटगीचं कलम म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट काढायचं असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्रत्येक महिन्याचं घड्याळ वेगळं चालतं. म्हणजे मे, जून आणि जुलै हे तीन महिने वॉरंटच्या वाटेने हातचे गेले. बारा हजार रुपये. फेब्रुवारीत अर्ज टाकला असता तर एक रुपयाही गेला नसता.

"वकिलांनी सांगितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले," ती म्हणाली.

"आणि त्या बाईला काय सांगितलंस?"

काहीच नाही. उलट पुढच्या आठवड्यात ती बाई शाळेची फी राहिली म्हणून आली, तेव्हा हिने स्वतःच्या पर्समधले दोन हजार पाकिटात घालून दिले. केंद्राच्या निधीतून आलेत, असं सांगितलं. केंद्राकडे असला निधी नव्हता.

मी तिला रागावले नाही. रागावण्याचा मला अधिकारही नाही. बावीस वर्षांपूर्वी मीही एका मुलाच्या पुस्तकांचे पैसे असेच भरलेत आणि नंतर वर्षभर त्या घरातून रोज फोन घेतलेत. पण एवढं विचारलं, की ते दोन हजार त्या मुलीसाठी होते की त्या बारा हजारांसाठी? ती गप्प बसली. मग म्हणाली, "बारा हजारांचा पहिला हप्ता होता, ताई."

हे तिला स्वतःच्या तोंडून ऐकायला मिळालं, तिथून आमचं काम सुरू झालं.

लायकी-नालायकीचा प्रश्न मी कधी सोडवत बसत नाही. तो सुटत नाही. चूक झाली असेल तर ज्याचं नुकसान झालं त्याला ती सांगायची, आणि पुढची तारीख लिहायची. बाईला खरं सांगायचं, हे ऐकून नवीन मॅडम पांढरी पडली. ती ओरडेल, तक्रार करेल, नोकरी जाईल. मी म्हटलं, ओरडेलही. तक्रार करायचा तिचा हक्कही आहे. पण बारा हजार तिच्या लेकीचे होते. ते कुठे गेले हे तिला माहीत नसावं, हे काही बरोबर नाही. आधी साहेबांना सांग, मग तिला. आम्ही दोनदा ते बोलून पाहिलं, मी बाई झाले. पहिल्या खेपेला तिने 'सॉरी' आठ वेळा म्हटलं. दुसऱ्या खेपेला एकदाच, आणि मग आकडे सांगितले: तीन महिन्यांचे बारा हजार या अर्जात बसत नाहीत, त्यापुढच्या बारा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार बसतात, गेलेल्या तीन महिन्यांसाठी दुसरी काही वाट निघते का ते वकिलांना लेखी विचारलंय.

दुसरा गुंता बापाचा. हा प्रश्न प्रत्येक नवी कार्यकर्ती विचारते: तो खरं बोलतोय की खोटं? आई आजारी असेलही. हप्ता थकला असेलही. नवीन मॅडम रात्री अंथरुणात पडून हा खटला चालवायची, आणि रोज वेगळा निकाल द्यायची. ते ठरवायला कोर्ट आहे. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा या निकालात सांगून ठेवलंय की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. अश्रूंचं शपथपत्र नसतं. रक्कम खरंच जड जात असेल तर ती कमी करून मागायला त्याच संहितेचं कलम १४६ आहे. तो अर्ज त्याच्या वकिलाने करावा. आदेश बदलेपर्यंत आहे तो आदेश चालू. एवढी दोन वाक्यं तिने पाठ केली. त्याच्याशी तिसरं वाक्य बोलायचं नाही, असं ठरलं.

तिसरं वाक्य तो बोलणारच होता, आणि बोललाही: "मग टाका जेलात. महिनाभर बसून येतो, विषय संपला." या धमकीला नवी मुलं हमखास घाबरतात. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते हे खरं. पण बसून आल्याने देणं फिटत नाही. कैद हे पैसे काढण्याचं साधन आहे, ती पैशांची जागा घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलंय.

मोबाइलचंही पाहिलं. पंधरा दिवसांत रात्री आठनंतरचे एकतीस कॉल, त्यातले एकोणीस या एका बापाचे. तिने स्वतःचा नंबर सगळ्यांना दिला होता. दुसरं सिम घ्यायला सांगितलं, ते संध्याकाळी सातला केंद्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं. झोप पहिल्या आठवड्यात आली नाही. दुसऱ्यात थोडी आली.

बाईशी बोलणं झालं एका मंगळवारी. ती ओरडली नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि मग म्हणाली, "पुढचे तरी जाऊ देऊ नका, मॅडम." नवीन मॅडमला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. पण त्याच बैठकीत तिने एक प्रश्न विचारला जो फेब्रुवारीत विचारायला हवा होता. वॉरंट घेऊन हवालदार दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा दाराला कुलूप. तिने विचारलं, "तो घरी कधी असतो?"

"सोमवारी. मार्केट बंद असतं ना. दहापर्यंत झोपलेला असतो. पण तुमच्या कागदावर जुनी खोली असेल. आता तो पिठाच्या गिरणीच्या मागे राहतो, निळ्या दाराची खोली."

हे त्या बाईला सगळा वेळ माहीत होतं. विचारलं नव्हतं कुणी. नवीन मॅडमने पत्ता खाणाखुणांसह लिहिला, वकिलांमार्फत कोर्टात दिला, आणि पुढच्या वेळी हवालदार सोमवारी सकाळी सातला गेले.

त्याने कोर्टात पंधरा हजार भरले. उरलेल्याला हप्ते बांधून घेतले. दोन हप्ते आले, तिसरा चुकला, पुन्हा अर्ज. या वेळी अर्ज नवव्या दिवशी दाखल झाला. गेलेल्या तीन महिन्यांचं अजून काही झालेलं नाही. ती ओळ तिच्या डायरीत दर महिन्याला नव्या तारखेसह पुढे सरकते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, दुपारी, कामाच्या वेळेत. पाकिटाचंही खरं तिने त्या मंगळवारीच सांगून टाकलं होतं, आणि आता बाई पाचशेच्या दोन नोटा घेऊन समोर बसली होती. उरलेले हजार पुढच्या हप्त्यातून देते म्हणत होती.

"घेऊ का, ताई? की नको म्हणू?"

"घे," म्हटलं. "आणि पावती लिहून दे."

फोन तिने तसाच चालू ठेवला असावा. कागद फाडल्याचा आवाज आला, मग ती तिकडे विचारताना ऐकू आली: "आज तारीख किती हो?"