कुत्र्यांना घेऊन कॅम्पर बसने किनाऱ्यालगत महिनाभर प्रवास करता येईल का?

आपण विचारले आहे की, दोन मोठ्या कुत्र्यांना घेऊन कॅम्पर बसने (आत झोपण्याची व राहण्याची सोय असलेल्या बसने) समुद्रकिनाऱ्यालगत महिनाभर राहता येईल का, आणि त्यासाठी बसमध्ये कोणते बदल करावे लागतील. अकरा वर्षांची एक कुत्री आणि तीन वर्षांचा एक कुत्रा यांच्यासह मी असा पाच आठवड्यांचा प्रवास केला आहे. तो नक्की करता येतो. मात्र बसमधील सोयींपेक्षा दिवसाचा क्रम जास्त महत्त्वाचा ठरतो, आणि तो क्रम ऊन व भरती-ओहोटी पाहून आखावा लागतो.

सर्वांत मोठा धोका समुद्राचा नसून उभ्या असलेल्या बंद बसचा आहे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्यामुळे धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य मार्ग असतो, आणि भोवतालची हवाच तापलेली व दमट असेल तर धापांचा उपयोग फारसा होत नाही. उन्हात उभ्या असलेल्या वाहनाच्या आतील तापमान पहिल्या अर्ध्या तासातच सर्वाधिक वेगाने चढते, आणि खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्याने त्यात नगण्य फरक पडतो. माझीही पहिल्या आठवड्यात चूक झाली. झाडाच्या दाट सावलीत बस उभी करून मी दुपारचा स्वयंपाक बाहेर करीत होतो. सावली सरकली, मागच्या काचेवर ऊन आले आणि आत झोपलेली म्हातारी कुत्री जीभ पूर्ण बाहेर काढून धापा टाकत असलेली मला जरा उशिराच दिसली. ती पाण्याने आणि वाऱ्याने सावरली, पण त्या दिवसापासून कुत्र्यांना एकटे ठेवून बस सोडायची नाही, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. बदल करायचेच असतील तर छतावर हवा बाहेर फेकणारा पंखा, काचांना बाहेरून लावायचे परावर्तक पडदे आणि आतील तापमान दाखवणारा मापक एवढ्या तीन गोष्टींवर आधी खर्च करावा. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातीचे कुत्रे असेल, तर उष्ण महिन्यांत हा प्रवास करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उष्माघाताची शंका आली, तर आधी अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि थंड करतच पशुवैद्याकडे न्यावे; ओले फडके अंगावर पांघरून ठेवल्यास उष्णता आतच कोंडते.

पुळणीवर कुत्र्यांना पहाटे आणि सूर्यास्तानंतर न्यावे. वाळूवर तळहाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल, तर त्यांच्या पंजांनाही ती पोळते. वेळ ठरवताना भरतीचे कोष्टक जवळ असावे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे जाते आणि काल सकाळी मोकळी मिळालेली पुळण चार दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी नेहमीच्या रेषेच्या बरेच वर चढते, म्हणून त्या दिवसांत बस वाळूच्या जवळ उभी करणे मी पूर्णपणे टाळतो.

खाऱ्या पाण्याचा त्रास बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि लाटांमधून चेंडू आणताना कुत्रा प्रत्येक वेळी थोडे पाणी गिळत असतो. आमच्या तरुण कुत्र्याला एका संध्याकाळच्या खेळानंतर रात्रभर उलट्या व जुलाब झाले होते. आता दर दहा-पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून मी त्याला गोडे पाणी देतो. परतल्यावर पंजे, पोट आणि कानांची मुळे गोड्या पाण्याने धुवावीत, कारण वाळलेल्या मिठामुळे कातडीला खाज सुटते. म्हणजेच पिण्यासाठीच्या पाण्याखेरीज केवळ धुण्यासाठी पाण्याची वेगळी टाकी लागते. किनाऱ्यावर पडलेले मेलेले मासेही त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत. फुगणाऱ्या माशांमध्ये अत्यंत घातक विष असते. जेथे कासवे किंवा पक्षी वाळूत अंडी घालतात, तेथे कुत्रा कितीही आज्ञाधारक असला तरी पट्ट्यालाच असावा.

बस चालू असताना प्रत्येक कुत्रा छातीच्या हार्नेसने (छातीभोवतीच्या पट्ट्यांनी) बांधलेला किंवा बसच्या तळाला पक्क्या जखडलेल्या पिंजऱ्यात असणे आवश्यक आहे. गळपट्ट्याला दोरी बांधणे धोक्याचे असते. रेबीजच्या लसीची नोंद हाताशी ठेवावी.

निघण्यापूर्वी बस घराजवळच उभी करून कुत्र्यांसह दोन रात्री तिच्यात काढाव्यात. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला पायरी चढवत नाही हे मला त्याच दोन रात्रींत कळले, आणि तिच्यासाठी बसच्या दाराला लाकडी उतरण बसवूनच आम्ही निघालो.