हिवाळ्यासाठी घरची अंडी: चुन्याची निवळी की फ्रीझर?

नमस्कार. आपण विचारले आहे की, मिशिगनमधील आपल्या परसातील आठ कोंबड्या उन्हाळ्यात घरात खाऊन उरतील इतकी अंडी देतात आणि नोव्हेंबरपासून जवळजवळ थांबतात. तर जून-जुलैची अंडी चुन्याच्या निवळीत बुडवून तळघरात ठेवावीत का, आणि डिसेंबरात पुण्याहून येणाऱ्या आपल्या आईवडिलांना ती निर्धास्तपणे देता येतील का. मी याच राज्यात बारा वर्षे कोंबड्या पाळत आहे आणि त्यांपैकी चार हिवाळे निवळीतील अंडी घरात वापरली आहेत. तरीही आज माझे मत असे आहे की निवळी नको, अंडी फोडून फ्रीझरमध्ये ठेवावीत.

कोंबड्या थांबतात याचे मुख्य कारण थंडी नसून प्रकाश आहे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला साधारण 14 ते 16 तासांचा उजेड लागतो. पुण्यात डिसेंबरातही दिवस सुमारे 11 तासांचा असतो, तर आपल्याकडे तो 9 तासांवर येतो, आणि त्याच सुमारास जुनी पिसे झडून नवी येत असल्यामुळे कोंबडीची सगळी ताकद तिकडे लागते.

आता निवळीविषयी. ताज्या अंड्याच्या कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक थर असतो, जो कवचावरील हजारो सूक्ष्म छिद्रे झाकतो, आणि म्हणूनच या पद्धतीत न धुतलेली, मुळातच स्वच्छ असलेली अंडी घेतात. एक लिटर पाण्याला सुमारे 30 ग्रॅम खाण्याचा चुना घालतात. त्यातील थोडाच विरघळतो, उरलेला तळाशी बसतो, परंतु पाणी इतके तीव्र अल्कधर्मी होते की बाहेरचे जंतू त्यात वाढत नाहीत. इथपर्यंत सर्व खरे आहे, आणि फ्रिज नसलेल्या काळात लोकांनी हा मार्ग धरला यात नवल नाही.

अडचण अशी की साल्मोनेलाचा, म्हणजे अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूचा, एक प्रकार बाहेरून शिरत नाही. दिसायला पूर्ण निरोगी असलेल्या कोंबडीच्या अंडाशयात तो असू शकतो, आणि मग कवच तयार होण्यापूर्वीच तो अंड्यात उतरलेला असतो. असे अंडे क्वचितच निघते हे मान्य. परंतु तळघरातील उबेत महिनोन्महिने राहिल्यावर बलकाभोवतीचा पडदा दुबळा होतो, बलकातील पोषण जंतूंना मिळू लागते आणि अंड्यात थोडे असलेले जंतू पुष्कळ होतात. निवळी कवच बंद करते, आतल्या जंतूंवर तिचा काही इलाज चालत नाही. पाण्यात तरंगण्याची चाचणीही येथे उपयोगी नाही, कारण ती आतील हवेच्या पोकळीवरून अंड्याचे वय सांगते, रोग नव्हे. माझ्याकडे एकदा केसाएवढी चीर गेलेले एकच अंडे नजरेतून सुटले आणि फेब्रुवारीत तीन डझनांची बरणी टाकून द्यावी लागली, पण त्याला निदान वास तरी आला. साल्मोनेलाला वास नसतो, आणि सासरे सहा महिन्यांसाठी आले त्या वर्षी मी हा प्रकार बंद केला.

फ्रीझरमध्ये अंडी कवचासकट ठेवू नयेत, ती तडकतात. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहावे, मग फेस न आणता पांढरे आणि बलक हलक्या हाताने एकजीव करून गाळून घ्यावे. नुसते गोठवले तर बलक घट्ट, चिकट होतो आणि वितळल्यावरही पूर्ववत होत नाही, म्हणून एक कप मिश्रणात, म्हणजे साधारण पाच अंड्यांत, अर्धा चमचा मीठ किंवा दीड मोठा चमचा साखर घालावी. नुसत्या पांढऱ्याला काहीच लागत नाही. मी जूनमध्ये मिठाचे डबे भुर्जी-ऑम्लेटसाठी आणि साखरेचे केकसाठी असे वेगळे करते आणि प्रत्येकावर तारीख व अंड्यांची संख्या लिहिते, कारण गोठल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तीन मोठे चमचे मिश्रण म्हणजे एक मोठे अंडे, आणि एवढेच बर्फाच्या मोठ्या साच्यात गोठवून नंतर पिशवीत भरले तर हवे तितकेच काढता येते. हे वर्षभर टिकते. आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळू द्यावे, त्याच दिवशी संपवावे आणि पुन्हा गोठवू नये.

अंड्याच्या रश्शाला अर्थात अख्खी अंडी हवीत. त्यासाठी ऑक्टोबरची स्वच्छ, न तडकलेली अंडी 4 अंश सेल्सिअसच्या आसपास फ्रिजमध्ये ठेवावीत, आणि थोडी जुनी अंडी उकडल्यावर अधिक सहज सोलली जातात हा लाभच आहे. मळकी अंडी साठवू नयेत, लगेच वापरावीत. धुवायचीच असतील तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने, कारण थंड पाण्याने आतील भाग आकसून बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. उकडलेली अंडी व्हिनेगरमध्ये घालणार असाल तर तीही फ्रिजमध्येच ठेवा. 1997 साली इलिनॉयमध्ये टूथपिकने टोचून घरीच व्हिनेगरमध्ये घातलेली आणि बाहेर ठेवलेली अंडी खाऊन एका गृहस्थाला बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा, झाला होता.

आईवडिलांसाठी फ्रीझरमधील अंडे आतपर्यंत 71 अंश तापेल असे, ओलसरपणा न ठेवता शिजवावे. वडिलांना अर्धे उकडलेलेच लागत असेल, तर तेवढ्यापुरती दुकानातून कवचासह पाश्चरीकरण केलेली अंडी आणावीत. घरची अंडी, ती कितीही ताजी असली तरी, त्यांना तशी देऊ नयेत.