पुरात भिजलेल्या जुन्या सायकलीचा गंज कसा काढावा?

तुमचा प्रश्न असा: 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी बडोद्यातल्या घरात शिरलं, आजोबांची सेन-रॅले त्यात बुडाली, आता गंज काढून वर कोणता स्प्रे मारू?

कुठलाच मारू नका. स्प्रेआधी जुना रंग घासतात, आणि काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघा एकदा पॉलिश पेपरखाली गेल्या की गेल्या. दुकानात सायकल दिलीत की पहिलं तेच होतं, आणि वर ‘नवी करून दिली’ म्हणून पैसे घेतात.

दुसरं टाळायचं ते संडास धुण्याचं अॅसिड. पाच मिनिटांत गंज जातो हे खरं, पण त्याबरोबर क्रोमही जातो. तारा ठिसूळ होतात, सांध्यांत शिरलेलं अॅसिड महिन्याभरानं गंज होऊन बाहेर येतं, आणि त्याच्या वाफेनं त्याच खोलीतले पाने-पकडीही गंजतात. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

रिमला ऑक्झॅलिक अॅसिड वापरा. रंगाच्या दुकानात लाकूड उजळवायला ठेवतात ते. अठ्ठावीस इंची रिम बादलीत मावत नाही, आणि अर्धी बुडवून फिरवत राहिलात तर पाण्याच्या रेघेवर डाग पडतो. म्हणून गच्चीवर विटा आडव्या मांडून पाऊण मीटर व्यासाचं गोल करा, मधे अर्ध्या मीटर व्यासाचं दुसरं गोल, आणि वर जाड प्लास्टिक अंथरा. या कड्यात पाच सेंटिमीटर उंचीला बारा-तेरा लिटर पाणी लागतं, त्यात तीनशे ग्रॅम पावडर. पाणी शक्यतो पावसाचं. बोअरच्या पाण्यात पांढरा साका बसतो, आरओमधून वाया जाणारं तर त्याहून जड. रात्रभर ठेवा, जास्त नको, नाहीतर लोखंडावर पिवळट थर धरतो आणि तो गंजापेक्षा चिवट असतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, आणि लगेच उन्हात कोरडी करून तेलाचा हात फिरवा. दहा मिनिटं उशीर झाला तरी ओल्या लोखंडावर केशरी छटा येते.

उरलेल्या ठिपक्यांवर अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. बोटांना काळा चिखल लागतो, तो पुसला की खाली चकाकी दिसते. खड्डे मात्र राहतात. तिथलं क्रोम आधीच गेलेलं असतं.

फ्रेमला हेच पाणी फडक्याच्या पट्ट्यांनी, पण आधी चेनकव्हरच्या मागे रंग तपासून. आतला गाळ काढायला सीटची दांडी ओढून काढा आणि फ्रेम उलटी करा. पेडलचा दांडा (क्रँक) मधल्या एक्सलला धरून ठेवणारी खीळ म्हणजे कॉटर; ती काढायला हातोडा मारताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू हवाच, नाहीतर घाव थेट कटोरीतल्या छर्‍यांवर बसतो. छर्रे साफ करत बसू नका, नवे घ्या: पुढच्या चाकाला 3/16 इंचाचे दोन्हीकडे दहा-दहा, मागच्याला पाव इंचाचे नऊ-नऊ, मधल्या एक्सलला पाव इंचाचेच अकरा-अकरा.

रंगाला मेणाचं पॉलिश, नळ्यांच्या आत ‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळणारं जवसाचं तेल. त्या तेलाचे बोळे ढीग करून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून फेका.

हो, ऑक्झॅलिक विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा. घरात लहान मूल असेल तर किराणावाल्याकडे ‘लिंबूना फूल’ म्हणजे सायट्रिक अॅसिड मागा, लिटरला पन्नास ग्रॅम. दर तासाला बघत राहा, ते रंगही पोखरतं. यातलं काहीही अॅल्युमिनियमच्या भागांना लावू नका. आणि मधल्या एक्सलच्या घराजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जात असेल, तर गंज काढण्यात वेळ घालवू नका. ती फ्रेम चालवायची नाही.